दर उन्हाळ्यात बेस गिटार घूं करतो, त्याचं काय करायचं

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एकाच छापाचे व्हॉइस मेसेज यायला लागतात. "दादा, बेस लै घूं करायलाय." "भैया, तारंला हात लावला की गप, हात सोडला की चालू." "पिकअप गेला का बगा ना." (पिकअप म्हणजे तारांखालचा, तारेचा आवाज पकडणारा चुंबक आणि तांब्याची गुंडाळी.) सोबत पाच सेकंदाची क्लिप, तिच्यात पंख्याचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडायलंय आणि मागं ते घूंऽऽऽ. पावसाळ्यात एकाचाही मेसेज नसतो, दिवाळीत नसतो, जानेवारीत नसतो. आता बेस बिघडला असता तर बारा महिने बिघडलेला राहिला असता ना, पंचांग बघून कशाला बिघडेल? एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरायला मला तीन उन्हाळे लागले, आणि त्या तीन उन्हाळ्यांत बेस उघडून उघडून जेवढे पैसे घातले तेवढ्यात दोन चांगले डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा आवाज मिक्सरला नीट पोचवणारे डबे, आले असते.

मी परभणीचा. बावीसेक वर्षं झाली बेस वाजवतो, ऑर्केस्ट्रा, लग्नं, जयंतीचा सीझन, गणपती, मधी दोन वर्षं दर रविवारी चर्चमधे पण वाजवला. इंजिनिअर बिंजिनिअर नाही, जे खाली लिहितोय ते मार खाऊन शिकलेलं आहे आणि निम्मं आमच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांनी शिकवलेलं आहे.

आधी आवाज कोणता आहे ते नीट ऐका, कारण आपल्याकडं सगळ्यालाच 'खरखर येतीय' म्हणतात. नॉब फिरवताना खर्र-खर्र येत असेल तर पॉटमधे, म्हणजे नॉबखालच्या भागात, धूळ गेलीय, आपल्याकडच्या धुळीला कोण काय करणार, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडं फिरवा, विषय संपला. केबल हलवली की कडकड होत असेल तर जॅकची पट्टी सैल झालीय नाहीतर सोल्डर सुटलाय. ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, असेल आणि आवाज फाटल्यासारखा, गुदमरल्यासारखा येत असेल तर 9 व्होल्टची बॅटरी संपत आलीय. बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं की ॲक्टिव्ह बेसला केबल खोचलेली असली की बॅटरी जळत राहते, वाजवा का नका वाजवू, त्यामुळं प्रोग्रॅम झाला की केबल काढायचीच. हे सगळे वेगळे आजार आहेत, यांचा उन्हाळ्याशी काही संबंध नाही. मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो संथ, एका सुरातला, बेस शांत असताना मागं पसरलेला घूं, ज्याला साउंडवाले हमिंग म्हणतात.

आणि त्या घूंला सूर असतो बरं का. आपली लाइट 50 हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आहे 49 हर्ट्झ. म्हणजे गायकांच्या भाषेत सांगायचं तर लाइटचा घूं पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली, मधेच कुठंतरी लटकलेला असतो. त्याच्या वरच्या सप्तकातला 100 हर्ट्झचा भाऊ पण सोबत असतोच, तो मोकळ्या जी तारेच्या थोडासा वर. हमिंग जोरात असलं की कधी ट्यूनर लावून बघा, काटा जी दाखवतो आणि शार्पकडं पळतो. म्हणून गायकानं पांढरी पाच धरली की त्या रात्री सगळ्यात जास्त डोकं उठतं, तुम्ही जी धरून ठेवला की 49 आणि 50 एकमेकांना घासतात आणि सेकंदाला एक असा हेलकावा येतो, वाँव... वाँव... मी कित्येक वर्षं समजत होतो माझी ई तारच उतरलीय म्हणून, आणि पट्टी बदलली की ती आपोआप 'सुरात' यायची. जनरेटरवर तर अजून गंमत, हॅलोजन चालू झाला की जनरेटर दबतो, घूं पण खाली उतरतो, कधी कधी बरोब्बर जी वर येऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं चला, गेला एकदाचा.

आता शोधायचं कसं. माझी पद्धत अशी की बेस सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी केबल अँपच्या बाजूनं काढा. इथं लोक चूक करतात, बेसच्या बाजूनं काढतात, मग ते मोकळं टोक हवेत अजूनच भणभणतं आणि म्हणतात केबल खराब आहे. तसं तर कुठलीही चांगली केबल करणार, मोकळं टोक म्हणजे ॲंटेनाच. अँपच्या बाजूनं काढल्यावर पण घूं तसाच राहिला तर बेस आणि केबल दोघंही सुटले, गोष्ट अँपची नाहीतर लाइटची. गप झाला तर मग दुसरी केबल लावा. आणि केबल गिटारचीच आहे ना हे एकदा बघून घ्या, आमच्या एका पार्टीत वर्षभर एकजण स्पीकरची केबल बेसला लावून वाजवत होता, दिसायला तशीच, दोन्हीकडं तसाच जॅक, पण आत बाहेरची भणभण अडवणारी जाळी नसते, सरळ दोन वायरी, ती घूं नाही करणार तर काय करणार.

मग व्हॉल्यूम. जॅझ टाइप बेस असेल, म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअप, तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. ही रचना फेंडरनं 1960 ला आणली, त्यात बहुतेक बेसांना दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात म्हणून दोन्ही सारखे उघडे असले की एकाचा घूं दुसरा खातो. एक जरा कमी केला की जेवढा कमी केला तेवढा घूं बाहेर. प्रिसिजन टाइपच्या (फेंडरचाच दुसरा बेस) लोकांना ही कटकट नाही कारण 1957 पासून त्याचा पिकअपच दोन तुकड्यांत आहे आणि ते दोन तुकडे आतल्या आतच भांडण मिटवतात. माझा जॅझ टाइप आहे आणि मला ब्रिजकडचा (ब्रिज म्हणजे खाली तारा अडकवतात ती धातूची पट्टी) पिकअप एकट्याचा आवाज आवडायचा, त्या आवडीपायी सहा-सात वर्षं घूं सहन केला. आता दोन्ही उघडे ठेवतो आणि हात ब्रिजकडं सरकवून वाजवतो, नव्वद टक्के तोच आवाज मिळतो, कुणाला फरक कळत नाही, समोर नाचणाऱ्याला तर मुळीच नाही.

त्यानंतर स्टूलावर बसल्या बसल्या गोल फिरा. खरंच फिरा, लोक हसतील तर हसू द्या. एका दिशेला तोंड केलं की घूं कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त होत असेल तर तो हवेतून चुंबकानं येतोय, जवळ कुठंतरी ट्रान्सफॉर्मर आहे, बऱ्याचदा तुमच्याच अँपचा किंवा पायाशी ठेवलेल्या पेडलच्या ॲडॉप्टरचा. दोन पावलं लांब सरका. यूट्यूब बघून आत तांब्याची पट्टी चिकटवतात त्याचा या प्रकाराला काही उपयोग होत नाही, तांबं वरवरची भणभण अडवतं, चुंबक त्याच्यातून आरामात जातं. मी पूर्ण पोकळी तांब्यानं मढवली होती, अक्षरशः देवघरासारखी चकाकत होती, भणभण थोडी कमी झाली, घूं जिथल्या तिथं.

आणि मग तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तारंला हात लावल्यावर काय होतं. हात लावला की कमी होतो, हे नॉर्मल आहे. तुमचं शरीर आजूबाजूची सगळी लाइटची घाण गोळा करत असतं, तारा ब्रिजमार्फत एका वायरीनं अर्थला जोडलेल्या असतात, हात लावला की तुम्ही पण अर्थ झालात आणि ती घाण तिकडं वाहून गेली. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची ती वायर सुटलीय, सोल्डरिंगचं पंधरा मिनिटांचं काम. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर दोन वायरी उलट्या लागल्यात, कुणीतरी आधी रिपेअर केलेला बेस असतो अशा वेळी. ईएमजीसारखे ॲक्टिव्ह पिकअप असतील तर त्यांना तारा अर्थला जोडायची गरजच नसते, तिथं हात लावून फरक पडला नाही तर घाबरू नका. आणि एक गंमतीचा प्रकार, सेलूच्या एका पोरानं हौसेनं काळ्या नायलॉनच्या तारा टाकल्या, आवाज मस्त, गोल, कॉन्ट्राबाससारखा, पण हमिंग सुरू झालं ते काही केल्या जाईना. दोन मेकॅनिकनी बेस उघडला. अरे बाबा, तारेवर नायलॉन गुंडाळलंय, तुझं बोट लोखंडाला लागतंच कुठंय. वाजवताना अंगठा धातूच्या ब्रिजला नाहीतर कंट्रोल प्लेटला टेकू दे म्हणलं, झालं.

तर आता मूळ गोष्टीवर येतो. हे सगळं मी करून बसलो होतो. पिकअप बदलला, केबल बदलली, तांबं लावलं, आणि तरी एप्रिल आला की घूं. डोक्यात प्रकाश पडला तो एका सभागृहामुळं. त्याच सभागृहात आमचा 14 जानेवारीला नामविस्तार दिनाचा प्रोग्रॅम झाला, तोच बेस, तोच अँप, तोच बोर्ड, बेस एकदम गप, इतका की साउंडवाला विचारायला आला लाइन चालू आहे ना. तीन महिन्यांनी 14 एप्रिलला त्याच स्टेजवर, त्याच बोर्डात पिन घातली आणि भंऽऽऽ. गायक माझ्याकडं बघतोय, मी साउंडवाल्याकडं, साउंडवाला मोबाइलमधे.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात बेस घेऊन गेलो, म्हणलं तुम्ही एवढ्या मोटारी भरता, हा पिकअप पण तांब्याची तारच आहे, जरा बघा. त्यांनी बेसकडं बघितलं सुद्धा नाही. हातातली गुंडाळी खाली ठेवली, विचारलं, "अर्थिंग कुटंय तिथलं?" मला काय माहीत. "मग बेस कामून उघडायलास?"

पुढच्या शनिवारी जिंतूरकडं एका गावात लग्न होतं, काका पाहुण्यांच्याच नात्यातले निघाले, आले सोबत मीटर घेऊन. स्टेजमागं मंडपवाल्यानं बोर्ड लावलेला. काकांनी आधी फेज आणि न्यूट्रलमधे बघितलं, 214. ठीक. मग फेज आणि अर्थमधे, तिथं पण जवळपास तेवढंच यायला पाहिजे, आलं 150 आणि ते पण एका जागी ठरेना, वर-खाली. न्यूट्रल आणि अर्थमधे 60 च्या पुढं. तिथं दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे, पाचाच्या वर गेलं की संशय घ्यायचा. "चल, बघू कुटं गाडलंय."

वायर धरत धरत मागं गेलो. शाळेच्या भिंतीमागं काळी माती, वैशाखातली, भेगा पडलेली, एका भेगेत काकांचा पंजा मनगटापर्यंत गेला. त्या भेगांच्या मधोमध एक गंजका पाइप. काकांनी मेन बंद करायला लावलं आणि मग पाइपाला हात घातला. पाइप हलला. पडायला आलेला दात जिभेनं हलवावा तसा. काळी माती पाणी पिली की फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवायची गोष्ट नाही, पण त्याचा माझ्या बेसशी संबंध असेल हे माझ्या बापजन्मी डोक्यात आलं नव्हतं. पावसाळ्यात आणि थंडीत तीच माती पाइपाला चिकटून बसलेली असते, ओली, वीज आत खेचून घेणारी, तेव्हा अर्थिंग एक नंबर. एप्रिलमधे पाइपाभोवती बोटभर पोकळी. म्हणजे कागदावर अर्थिंग आहे, वायर आहे, पाइप आहे, फक्त तो जमिनीत असूनही जमिनीला लागलेला नाही. मग कूलर, हॅलोजन, अँप, मिक्सर या सगळ्यांची थोडी थोडी गळती त्या हिरव्या वायरीवर जमा होऊन बसते आणि खाली जायला वाट नाही म्हणून आपल्या जॅकमधून बाहेर येते.

काका म्हणाले दोन घागरी पाणी आण. आता सांगा, एप्रिल-मे मधे, टँकरवर जगणाऱ्या गावात, दोन घागरी पाणी कशाला पाहिजे म्हणून सांगायचं? एका आजीनं विचारलंच. मी खरं सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली, "आरं बाबा, माणसाला प्यायला नाही आन् तू भुईला पाजायलास?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी काकांनीच तोड काढली, पंगतीचं हात धुवायचं पाणी एका टिपाडात जमा व्हायलं होतं, ते दोन बादल्या आणलं, आचाऱ्याकडून मूठ-दोन मूठ खडं मीठ, आणि मेन बंद ठेवूनच ते सगळं पाइपाच्या भोवती सावकाश जिरवलं, वरून मातीची ढेकळं ठोकून भेग बुजवली. अर्ध्या तासानं मेन चालू करून मीटर लावलं, न्यूट्रल-अर्थ 60 वरून 7 वर. बेस लावला. घूं होता, पण वाजवायला लागलं की ऐकू न येण्याइतका. मला लै लाज वाटली, तीन वर्षांच्या सोल्डरिंगची. रात्री अकराच्या सुमारास परत वाढायला लागला, परत मेन बंद करून एक बादली.

पक्कं करायचं असेल तर पद्धत आहे, अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, आणि उन्हाळ्यात त्या नरसाळ्यात आठवड्यातून पाणी. ते नरसाळं कशाला असतं हे आमच्या निम्म्या सभागृहांच्या वॉचमनला माहीत नाही, तिथं बिड्यांची थोटकं टाकतात.

आता जरा गंभीर गोष्ट, ही वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. पाणी ओतायचं ते फक्त अर्थिंगच्या पाइपाला, वायरमन सोबत असताना, मेन बंद करून. कारण गावाकडं दुसरी पण एक सळई असते. आकडा टाकून एकच फेज आणलेली असते आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत सळई ठोकलेली असते, बल्ब मंद झाला की सळईला पाणी ओता हे तिथल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं. ती सळई अर्थिंग नव्हे, तिच्यातून पूर्ण लोड वाहत असतो, तिला हात लावला तर माणूस तिथंच चिकटेल. मीटर लावायच्या आधी लाइट कुठून आलीय ते विचारा, आकड्याची असेल तर अँप लावूच नका, जनरेटर सांगा नाहीतर मिक्सर-स्पीकरवाल्याला सांगा माझी लाइन तुझ्या तिकडून घे. बिदागी गेली तरी चालेल.

आणि तो प्रसिद्ध उपाय, पिन काढून टाकणे. आपल्याकडं प्रत्येक साउंडवाल्याकडं तिसरी पिन मोडलेला एक तरी प्लग असतोच आणि तो अभिमानानं देतो, "हा लावा, घूं जातंय." जातो, खरं आहे. बऱ्याचदा घूं येतो तोच यामुळं की तुमचा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोघांची अर्थ वेगळी, आणि मधल्या केबलच्या जाळीनं ती जोडली गेली की एक मोठं रिंगण तयार होतं, त्यात 50 हर्ट्झ फिरत बसतो. पिन मोडली की रिंगण तुटलं. पण थ्री पिनमधली ती वरची जाड, लांब पिन सगळ्यात आधी आत जाते ती उगाच नाही. ती नसली की अँपची बॉडी अधांतरी राहते, आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं तिच्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत असतात, करंट बारीक असतो म्हणून नुसती झिणझिण लागते, तारंला हात असताना माइकला ओठ लागला की झटका बसतो तो हाच. हा बारीक प्रकार. पण आत खरंच फेज बॉडीला लागला तर अर्थचं काम कुणी करायचं? तुम्ही. 3 मे 1972 ला स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच गेला, माइकला अर्थ नव्हता. तिकडं, सगळं सामान असलेल्या लोकांकडं हे झालं, आपण तर ओल्या मातीवर चपला काढून वाजवतो.

रिंगण तोडायला डीआय बॉक्स वापरा, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं, ते दाबलं की फक्त आवाजाच्या केबलमधली जाळी तुटते, लाइटची अर्थ जागेवर राहते. ते पण नसेल तर तुमचा अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, लांब एक्स्टेंशन टाकावं लागलं तरी. फुकटचा उपाय आहे आणि मला वाटतं दहातले पाच-सहा घूं तिथंच मरतात. स्वतःच्या बोर्डासाठी 30 मिलिअँपची आरसीसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) घेऊन ठेवा, आम्ही चौघांनी पैसे काढून एक डब्यात बसवून घेतलीय. एकदा ट्रिप झाली आणि गायकानं आम्हाला शिव्या घातल्या, नंतर कळलं कीबोर्डच्या ॲडॉप्टरची वायर खुर्चीखाली चेमटून आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

लाइटवाल्यांचं काय बोलायचं. घूंच्या जागी झर्रर्र, माशी बाटलीत अडकल्यासारखा, आणि तो स्टेजवरच्या पार कॅन दिव्यांच्या उजेडासोबत कमी-जास्त होत असेल तर डिमर. डिमर वीज कापून कापून सोडतो, ते काप सगळ्या वायरिंगमधे ऐकू येतात. जनरेटरवर तीन फेज असतात, मंडपवाल्याला गोडीत सांगा लाइटिंग एका फेजवर आणि आमचा सगळा आवाज एकत्र दुसऱ्या फेजवर. गोडीत म्हणजे आधी चहा पाजा. आमच्याकडं म्हणतात जगात जर्मनी अन् भारतात परभणी, तर परभणीचा मंडपवाला सांगून ऐकत नाही, पाजून ऐकतो.

हाताबद्दल थोडं, कारण जुने वाजवणारे तक्रार कमी करतात त्याचं अर्धं कारण सामानात नसून सवयीत असतं. ज्यांची वीस-पंचवीस वर्षं गेलीत ते लोक बघा, गाणं थांबलं तरी त्यांचा डावा हात तारांवरून उठत नाही, नुसता कापूस ठेवल्यासारखा टेकलेला असतो. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता वाजवत नसलेल्या जाड तारांवर सरकत राहतो, म्हणजे बी (पाच तारांचा बेस असेल तर) किंवा ई वर टेकून. त्यानं तारा पण गप राहतात आणि तुम्ही सतत अर्थला लागलेले राहता. नवीन पोरं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लोकांना सांगतात, आणि हात वर गेले की मागून भंऽऽऽ, लोकांना वाटतं इफेक्ट आहे. टाळी वाजवायची तर आधी व्हॉल्यूम बंद करायचा, करंगळीनं, तेवढी सवय लावून घ्या.

दुसरं म्हणजे व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून अँपचा गेन (आत येणारा आवाज वाढवायचा नॉब) चढवायचा ही सवय सोडा. बेस पूर्ण उघडा, गेन खाली. केबलमधे जेवढा तुमचा आवाज मोठा तेवढा घूं लहान दिसतो, अँप दोघांनाही सारखंच वाढवतो, त्याला कोण घरचा आणि कोण पाहुणा कळत नाही. अगदी हळू कुरवाळत वाजवणारे असतात, मग आवाज पुरत नाही म्हणून कंप्रेसर (बारीक-मोठा आवाज सारखा करणारं यंत्र) लावतात, आणि कंप्रेसर गाण्याच्या मोकळ्या जागेत घूं वर उचलून आणतो. कंप्रेसर ठेवायचाच असेल तर आधी तो बंद करून दोन गाणी वाजवून बघा. मी काढला आणि बोटं जरा रोवून वाजवायला लागलो, ड्रमरला माझा ठोका आता जास्त कळतो असं तो म्हणतो.

यानंतर पण घूं राहिलाच तर मग बेस उघडा, बिनधास्त. ब्रिजखालची वायर, जॅक, पॉटच्या पाठीवरचे सोल्डर, याच क्रमानं. पॉटच्या पाठीवरचा सोल्डर उन्हात बंद गाडीत ठेवल्यानं नाही उखडत, लोक म्हणतात तसं काही नसतं, तो आधीच थंड बसलेला असतो, मेकॅनिकनं घाईत केलेला, वर राखाडी, खडबडीत दिसतो. चांगला सोल्डर चकाकतो. तिथं परत गरम सोल्डरिंग आयर्न लावून नीट वितळू द्या. घामानं ब्रिज गंजला असेल तर खालची वायर जिथं दाबली जाते ती जागा सँडपेपरनं घासून घ्या, 42-43 डिग्रीत चार तास वाजवल्यावर तिथं मिठाचा पांढरा थर मी स्वतः बघितलाय.

माझ्या बॅगेत आता दोन केबली, डीआय, आरसीसीबीचा डबा, साधा मल्टीमीटर आणि एका पुडीत खडं मीठ असतं. उन्हाळ्यातल्या गावच्या प्रोग्रॅमला स्टेजवर सामान चढवायच्या आधी मी मीटर लावतो, आणि मंडपवाल्याला विचारतो पंगतीचे हात कुठं धुणार आहेत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भूक लागली का मालक?"